अक्काची वाटी

दोन साम्राज्यांना युद्ध करायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं, म्हणून ते शालनच्या स्वयंपाकघरातून न्यायचं ठरलं.

पूर्वेच्या साम्राज्याचा कारकून सकाळी दहाला आला. तान्ही झोपलेली बघून त्याने चपला बाहेर काढल्या. हळू आवाजात म्हणाला, सरहद्द, खंडणी, राजकन्या, सगळी कारणं वापरून झाली; तुमच्याकडे ताजं काही आहे का?

शालनने ओट्यावरची वाटी दाखवली. शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेने, अक्काने, त्यातून शिरा पाठवला होता. अंगणवाडीत अक्काचा बाळू साडेसात किलो भरला, त्याचा शिरा. शालनची रेणू त्याच महिन्यातली, आणि भरली सहा.

"काय बघवत नाही?" कारकुनाने फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

"त्याच्या मांडीच्या वळ्या."

त्याने तसंच लिहून घेतलं. वाटी आज रिकामी परत गेली तर युद्ध सुरू, काही घालून गेली तर रद्द, एवढं सांगून तो गेला.

आता वाटी रिकामी परत करायची नसते, हे काय शालनला कळत नव्हतं? चार दाणे साखर तरी घालतातच. पण त्या वळ्या आठवल्या की हात डब्याकडे जाईना.

दुपारी गल्लीतून तोफा सरहद्दीकडे निघाल्या. नुसत्या चाकांच्या खडखडाटाने रेणू दचकून उठली आणि ओठ काढून रडली. ह्या उडायला लागल्या तर पोरीचं काय होईल? आईने तिच्यासाठी पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांतले शेवटचे दोन तिने वाटीत ठेवले, रेणूला कडेवर घेतलं आणि निघाली.

अक्काकडे पश्चिमेच्या साम्राज्याचा कारकून चहा पीत बसला होता.

"ये गं," अक्का म्हणाली. "ह्यांनाही कारण हवं होतं. म्हटलं, शालनची पोर रात्रभर झोपते, माझा तासातासाला उठतो. मला नाही बघवत."

शालनला एकदम हलकं वाटलं. तिने वाटी पुढे केली.

कारकुनाने बशीत फुंकर मारली आणि अक्काकडे बोट करून शालनला म्हणाला, "ह्यांचं कारण पहिल्या प्रतीचं ठरलं, बाई. इतिहासात आधी हेच येईल. तुमचं दुसऱ्या प्रतीचं."

शालनने दोन्ही लाडू उचलून पदरात बांधले आणि वाटी अक्काच्या हातात दिली.

चारला तोफा सुरू झाल्या. शालनने रेणूच्या कानांत कापूस घातला, गालावर तीट लावली, आणि दोन्ही लाडू बसून खाल्ले. दूध वाढायला हवं होतं. सोमवारी अंगणवाडीत पुन्हा वजन होतं.