अध्यक्षांच्या गॅलरीतला होला

इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या करायला तेरा दिवस उरले होते, आणि नेमक्या त्या सकाळी शिरामिझुंच्या कारल्याच्या वेलात होल्याच्या मादीनं अंडं घातलं. दुसऱ्या दिवशी दुसरं घातलं.

हेच तिनं शेजारच्या गॅलरीत केलं असतं, तर शिरामिझुंनी दोन ओळींचं कडक पत्र लिहिलं असतं आणि सुखानं झोपले असते. कारण गॅलऱ्या रिकाम्या करायचा हुकूम त्यांचाच होता. फुकुओकातल्या त्या सहा मजली इमारतीत अध्यक्षपद पाळीपाळीनं येतं, जिना झाडायची पाळी येते तसं. बाकीचे लोक ते जिना झाडावा तितपतच मनावर घेतात. शिरामिझुंनी मात्र चाळीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढलेली. यंदा इमारतीला बारा वर्षांनी रंग लागायचा होता, भोवती परांची बांधली जायची होती. शिरामिझुंनी अकरा कलमांची नोटीस काढली आणि चौथ्या कलमाखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या: 'कुंडी, वेल, जाळी, दोरी, काहीही ठेवू नये. अपवाद नाही.' चौथ्या मजल्यावरच्या इतोनागा आजी आपल्या जुन्या आलुबुखाराच्या कुंडीसाठी गयावया करायला आल्या, तेव्हा शिरामिझु त्यांना चार वेळा कमरेत वाकून नाही म्हणाले. वाकण्यात काही कमी केलं नाही, नाही म्हणण्यातही नाही.

"अहो, हळू! पडदा नका ओढू," तोमोए, म्हणजे त्यांची बायको, कुजबुजली. "ती बघतेय आपल्याकडे."

"बघू दे. घरटं आहे का हे? पंधरा काड्या आणि एक निळी तार! खालून अंडी दिसतायत. माझ्या हाताखालच्या माणसानं असं काम केलं असतं तर परत पाठवलं असतं."

"मग पाठवा की परत. सांगा तिला, चौथं कलम वाच."

दुपारी शिरामिझु पडद्याच्या फटीला डोळा लावून उभे राहिले, संध्याकाळी त्यांनी तिथं खुर्ची आणली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात वही होती. पिसं नुसती राखाडी नव्हती. पाठीवरच्या एकेका पिसाला तांबूस किनार होती, माशाच्या खवल्यासारखी, आणि मानेवर निळ्याकाळ्या रेघांचा एवढासा पट्टा. सकाळी नऊच्या सुमाराला नर यायचा, मादी उठायची, तो बसायचा. चारच्या पुढं मागं ती परत यायची. एकानं उठायचं नि दुसऱ्यानं बसायचं, मध्ये अंडी उघडी म्हणून राहायची नाहीत.

"आमच्या खात्यात पाळी बदलताना अर्धा तास चहातच जायचा," ते तोमोएला म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आदर होता.

आणि जागा तरी कुठली शोधली होती! पूर्वी गॅलरीतून टेकडी दिसायची. आता समोर तीन टोलेजंग मनोरे होते, चौथ्यासाठी क्रेन फिरत होती, आणि कोपऱ्यावरच्या कापराच्या झाडांच्या जागी गाड्या उभ्या राहत होत्या. एवढ्या सिमेंटातून या बयेनं दोन चटयांएवढी हिरवळ हुडकून काढली होती. वॉर्ड ऑफिसातून फुकट मिळालेल्या बियांचा, खोली गार राहावी म्हणून जाळीवर चढवलेला तो वेल. तो आपण लावला याचा शिरामिझुंना एकदम अभिमान वाटला, आणि पाठोपाठ तो पंचवीस तारखेच्या आत आपणच कापायचा आहे हे आठवलं.

त्यांनी वॉर्ड ऑफिसला फोन लावला, नाव न सांगता.

"अंडी आहेत का घरट्यात?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"आहेत. म्हणजे, एका ओळखीच्या माणसाकडे आहेत."

"मग त्या ओळखीच्या माणसाला सांगा, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत महिनाभर धरा."

"त्या माणसाची जरा अडचण आहे हो."

"तो अध्यक्ष असला तरी हेच," बाई सहज म्हणाल्या, आणि शिरामिझुंनी घाबरून फोन ठेवला.

"सरळ कमिटीला सांगा ना," तोमोए म्हणाली.

"काय सांगू? आजींना नाही म्हणून बसलो, आणि पहिला अपवाद माझाच? कुठल्या तोंडानं लिफ्टमध्ये उभा राहू?"

शेवटी त्यांना खालच्या प्रवेशदालनातली सूचनापेटी आठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी डाव्या हातानं लिहिलं: 'पूर्वेकडच्या बाजूचं काम कृपया महिनाभर पुढं ढकलावं. कारण सांगता येत नाही. त्रासाबद्दल क्षमा असावी. एक रहिवासी.' पहाटे पेपर आणायच्या निमित्तानं चिठ्ठी पेटीत टाकली आणि हलक्या मनानं घरी येऊन होल्याची वही उघडली.

आता त्या इमारतीचा नियम असा, की पेटीतली प्रत्येक सूचना फलकावर लागते आणि अध्यक्षांनी तिला तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. नियम शिरामिझुंनीच केलेला. स्वतःलाच एकदम होकार दिला तर संशय येईल, म्हणून त्यांनी उजव्या हातानं, सुंदर अक्षरात लिहिलं: 'आपल्या सूचनेचा विचार केला जाईल.'

फलकासमोर उभं राहून ते वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. 'विचार केला जाईल' म्हणजे 'मुळीच नाही', हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी स्वतःची विनंती स्वतःच फेटाळली होती.

मग डाव्या हातानं दुसरी चिठ्ठी लिहिणं आलं: 'कृपया खरोखर विचार करावा.'

ही दुसरी चिठ्ठी कुसाबांच्या हातात पडली आणि सगळं बिघडलं. कुसाबा इमारतीचे चिटणीस. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि पत्त्यावरच्या अक्षरावरून लिहिणाऱ्याचं वय सांगतो असं छातीठोकपणे सांगणारे.

"अध्यक्षसाहेब, याच्या मुळाशी जायला पाहिजे," ते म्हणाले. "कारण न सांगता काम अडवायचं? परांचीवाल्यांची माणसं ठरलीत. आज एक, उद्या दहा. याचा तपास तुम्हीच केला पाहिजे."

"मी?"

"तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस इमारतीत दुसरा कोण आहे?"

तेव्हा शिरामिझु स्वतःचा तपास करायला लागले. दोन दिवस त्यांनी मन लावून काहीही केलं नाही. पण कुसाबांनी तेवढ्यात सगळ्यांचे जुने अर्ज काढून अक्षरं ताडून पाहिली. "रेघ थरथरलेली, वळणं तुटलेली. लिहिणारं माणूस पंचाहत्तरीच्या पुढचं," त्यांनी निकाल दिला. पंचाहत्तरीच्या पुढचं, पूर्वेकडच्या बाजूला राहणारं आणि कुंडीसाठी रडलेलं माणूस इमारतीत एकच होतं.

कोणी इतोनागा आजींना तोंडावर काही बोललं नाही. तशी तिथं पद्धतच नाही. फक्त लिफ्टमध्ये हवेबद्दल बोलणारे लोक त्यांच्यासमोर हवेबद्दलही बोलेनासे झाले. शिरामिझुंना जेवण जाईना. एकीकडे अंडी, एकीकडे आजी, आणि मध्ये आपली अब्रू. रात्री तोमोए एवढंच म्हणाली, "पक्षी भिऊ नये म्हणून पडद्याआड लपायचं, ते समजतं. माणसांपासून किती दिवस लपणार?"

तेवीस तारखेला, रविवारी सकाळी दहाला, सभा भरली. तीसेक माणसं आली. रंगकामाचे मुकादम सेतो कामाची माहिती द्यायला आले होते. ते फाईल मांडीवर ठेवून, आपली पाळी यायची वाट बघत मागच्या खुर्चीवर बसले.

कुसाबांनी दोन्ही चिठ्ठ्या वर धरल्या. "ज्यांनी लिहिल्या त्यांनी स्वतःहून पुढं यावं. कोणी रागावणार नाही," ते रागानं म्हणाले.

इतोनागा आजी उठल्या. हातात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा होता. "माझ्यामुळं सगळ्यांना फार त्रास झाला," त्या वाकून म्हणाल्या. "चिठ्ठ्या मीच लिहिल्या. कुंडी कालच मुलाकडे पाठवली. हे थोडं गोड घ्या."

शिरामिझु गार पडले. न केलेल्या गुन्ह्याची माफी, वर खाऊ! सगळ्यांचं मन शांत व्हावं म्हणून बाईनं आळ पदरात घेतला होता. ते तोंड उघडणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला नागामात्सु ताडकन उभा राहिला.

"आजी खोटं बोलतायत! मी लिहिल्या."

"तू तर पश्चिमेला राहतोस," कुसाबा म्हणाले.

"म्हणून काय झालं? मला पूर्वेची काळजी नसावी?" एवढं म्हणून नागामात्सु वाकला आणि वाकलेलाच राहिला.

त्याच्यामागून एक नर्सबाई उठल्या. त्यांचंही म्हणणं, मीच लिहिल्या. सभेत कुजबुज वाढली, आणि शिरामिझुंना आणखी एक गृहस्थ कोटाची बटणं लावून उठायच्या तयारीत दिसले.

"थांबा!" ते ओरडले. "मी लिहिल्या. मी. अध्यक्षानं."

सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"बघा!" कुसाबांचे डोळे भरून आले. "कोणाला कमीपणा येऊ नये म्हणून साहेबांनी स्वतःवर घेतलं. माणूस असावा तर असा."

"अहो, खरंच मी लिहिल्या!"

"कळलं हो साहेब. तुमचं अक्षर मी ओळखत नाही का? मोत्यासारखं."

शिरामिझुंनी मग फळ्यावरचा पेन डाव्या हातात घेतला आणि सगळ्यांसमोर लिहिलं: 'कृपया खरोखर विचार करावा.' तीच तुटकी वळणं, तीच थरथर. कुसाबा चिठ्ठीकडे बघत राहिले, मग फळ्याकडे, आणि हळूच खाली बसले.

"पण का?" आजींनी विचारलं.

"वर चला," शिरामिझु म्हणाले. "दाखवतो. आवाज मात्र करायचा नाही."

सगळी सभा जिन्यानं वर गेली. दारापासून लिफ्टपर्यंत तीस जोडे ओळीनं लागले. चौघं चौघं करून माणसं मोज्यांनिशी पडद्यापर्यंत जात होती, फटीला डोळा लावत होती आणि चेहरे बदलून परत येत होती. पानांच्या हिरव्या उजेडात नर बसला होता. एकदा त्यानं मान वाकडी करून कुसाबांकडे बघितलं, आणि एका थरथरत्या अक्षरावरून म्हाताऱ्या बाईला दोषी ठरवणारा तो करारी माणूस कुजबुजला, "अहो, याच्या डोळ्याचं बुबुळ तर नारिंगी आहे." शिरामिझु आजींसमोर असे वाकले की त्यांचं कपाळ जवळजवळ गुडघ्याला लागलं. आजींनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "पुरे. मला आणखी एकदा बघू दे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यात शेवटी मुकादम सेतो आत आले. त्यांनी फटीतून बघितलं, फाईल उघडली आणि पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

"पूर्वेची बाजू शेवटी घेतो. सप्टेंबरच्या मध्याला," ते म्हणाले.

"चालेल?" शिरामिझुंचा विश्वास बसेना. "तुमची ठरलेली माणसं? वेळापत्रक?"

"साहेब, तीस वर्षं रंग लावतोय. दर इमारतीत असतंच काहीतरी. कुठं पाकोळी, कुठं होला. एकदा तर गच्चीवर ससाणा होता. आम्ही पक्ष्यांचे दिवस आधीच धरून ठेवतो. हे बघा, तिसऱ्या रकान्यात." सेतोंनी कानामागं पेन्सिल खोचली. "फक्त कोणीतरी सांगायला लागतं. तेच मला सभेत विचारायचं होतं, पण माझी पाळीच येईना."

पुढचे वीस दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. सत्तावीस तारखेला अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, पिवळ्या केसांची, कमालीची कुरूप. लिफ्टमध्ये माणसं हवा सोडून त्यांच्या चोचींबद्दल बोलायला लागली. शिरामिझु रोज सकाळी फलकावर बातमी लावायचे आणि ती वाचायला कुसाबा त्यांच्याआधी खाली हजर असायचे. बारा सप्टेंबरला थोरलं पिल्लू कठड्यावरून समोरच्या तारेवर गेलं. धाकटं दिवसभर विचार करत बसलं आणि संध्याकाळी तेही गेलं. ते गेलं तेव्हा शिरामिझुंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

आठवड्यानं सकाळी आठ वाजता सेतोंची गाडी खाली येऊन उभी राहिली. रिकामं घरटं काढायला हरकत नाही असं शिरामिझुंनी यावेळी स्वतःचं नाव सांगून विचारून घेतलं होतं. हातमोजे चढवून, कात्री घेऊन, जड मनानं त्यांनी पडदा बाजूला केला.

पंधरा काड्या आणि एक निळी तार, त्यांवर ती बसली होती. शिरामिझुंकडे बघून ती जरा उठली, पोटाखालचं नीट केलं आणि परत बसली. पण तेवढ्यात त्यांना दिसलं होतं.

शिरामिझुंनी कात्री खाली ठेवली. ते तोमोएच्या खोलीच्या खिडकीशी धावले, ती सताड उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडले, "अंडं!"

त्या इमारतीत बारा वर्षांत कोणी खिडकीतून ओरडलं नव्हतं. वर एक खिडकी उघडली, खाली दोन उघडल्या.

"काय म्हणालात?" चौथ्या मजल्यावरून आजी ओरडल्या.

"अंडं घातलंय! परत!"

"किती?" हे कुसाबा, रस्त्यावरून.

"एक! दुसरं उद्या!"

नागामात्सुनं टॅक्सीचा भोंगा वाजवला. तोमोएनं नवऱ्याला मागून सदऱ्याला धरून ठेवलं होतं, नाहीतर ते खालीच जायचे. सेतो गाडीच्या पायरीवर टेकले, कानामागची पेन्सिल काढली आणि वर बघत मोठ्यानं म्हणाले, "मग ऑक्टोबर लिहू का?" सहाही मजल्यांवरून 'लिहा, लिहा' असा एकच गलका झाला, आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यात कोणाची क्षमा मागायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही.