अळी बसली आहे तोवर

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडत काही नव्हतं. वारा नाही, ऊन नाही. अशा हवेत रिकाम्या माणसाच्या डोक्यात नको ते येतं. माझ्या डोक्यात आलं, आपण चित्र काढावं.

आमची ही बहिणीकडे गेली होती. जाताना गॅलरीतलं लिंबाचं रोप माझ्या हवाली केलं. बी रुजवून तिनं ते हातभर वाढवलेलं. "अहो, पाणी घाला आणि लक्ष ठेवा," एवढंच म्हणाली. (लक्ष मी ठेवलं. त्यात मला कुणी बोल लावू नये.)

शेजारी पाट्या रंगवणारा पेंटर राहतो. त्याच्याकडून पेन्सिल आणि खोडरबर मागून आणलं. तो म्हणाला, "आजोबा, मनाचं काही घालू नका. दिसेल तेवढंच काढा."

समोर रोप, आणि रोपावर एक हिरवी अळी. अंगावर तिरके पट्टे, बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, हात गोगलगायीचा. एक पान कागदावर उतरेपर्यंत तिनं ते अर्धं फस्त केलेलं असायचं. आता खोटं कसं काढणार? मी तेवढं खोडायचो.

पेंटर त्याच्या गॅलरीतून म्हणाला, "आजोबा, ती अळी उचलून टाका. रोप संपवेल."

"थांब जरा. अजून तिचे पाय राहिलेत."

ती खायची, मी खोडायचो. आमचं छान जुळलं होतं. शेवटचं पान संपलं तशी ती कुठंशी निघून गेली. मग मी तीही खोडली. (दिसत नव्हती ना.)

संध्याकाळी ही आली. कुंडीतली काडी पाहून पिशवी हातात तशीच धरून खाली बसली.

"पानं कुठंयत?"

"अळीनं खाल्ली."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"बघत होतो."

तिनं पिशवी बाजूला सारली. मी घाईनं कागद पुढे केला. म्हटलं, एवढी मेहनत बघून तरी राग निवळेल. तिनं कागद पाहिला, कुंडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला.

"हुबेहूब आहे," म्हणाली आणि आत गेली. आत भांडी आपटू लागली.

तेवढ्यात पेंटर पेन्सिल न्यायला आला. कागद हातभर लांब धरून, एक डोळा मिटून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सुरुवात झकास झालीय, आजोबा. आता पानं तेवढी भरा."