सूर्यभान तात्यांच्या हौदातील गढूळपणाचे निवारण

पाणी नितळ असणे ही कोणत्याही प्रतिष्ठित घराची पहिली गरज आहे. ते प्यायचेच पाणी असावे असा नियम नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सूर्यभान तात्यांनी नगरला सावेडीच्या बाजूस बंगला बांधला. तात्या एका सहकारी संघाचे अध्यक्ष होते आणि पाण्याचा टँकर कोणत्या वाडीला जाईल हे त्यांच्या शब्दावर ठरे. दिवाणखान्यात त्यांनी मुंबईहून आणलेला काचेचा हौद मांडला, बैलगाडीएवढा लांब. आत सोनेरी मासे, रंगीत वाळू आणि बुडबुडे सोडणारी नळी. (विहिरी आटल्यामुळे इतके पाणी एका जागी पाहण्याची सोय जनतेला अन्यत्र नव्हती.)

तात्यांकडे कामासाठी आलेला प्रत्येक माणूस आधी माशांना खाऊ घाली. सक्ती नव्हती. हौदाशेजारी खाद्याची डबी असे आणि तात्या बघत असत, एवढेच. मास्तर लोक चिमूट टाकीत, कंत्राटदार मूठ. डबी संपली की लोक घरून आणीत: शेव, पेढ्याचा चुरा, भिजवलेली डाळ. एका मुकादमाने दुष्काळी कामावर मजुरांना वाटायची सुकडी आणून टाकली आणि त्याला मुदतवाढ मिळाली. तेव्हापासून हौदात सुकडीचे प्रमाण वाढले.

लवकरच पाणी दुधासारखे पांढरे झाले. मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. ते आपल्याशी बोलू पाहतात असे तात्यांना वाटे. त्यांच्या पत्नी लंकाबाई यांना तसे वाटेना. प्रत्येक माशाला त्यांनी नाव दिले होते.

"मरतील हो मुकी जनावरं," त्या म्हणाल्या.

ताबडतोब गढूळपणा निवारण समिती नेमण्यात आली. किराणा व्यापारी आसाराम शेठ प्रमुख, मी चिटणीस. पहिला उपाय तुरटीचा झाला. एक मासा उलटा पोहू लागला, पाण्याचा रंग मात्र कायम राहिला. दुसरा उपाय म्हणजे सगळे पाणी उपसणे, वाळू घासून काढणे आणि नवे पाणी भरणे. त्यासाठी खापरवाडीला निघालेला टँकर बंगल्याकडे वळवला. दोन-तीन दिवस पाणी नितळ राहिले, मग पुन्हा पांढरे. पुन्हा टँकर वळवला. पुढेपुढे वळवावा लागेना, आपला आपण येई.

शेवटी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे राधाकृष्ण सर यांना बोलावले. ते म्हणाले, "पाणी सारखं बदलू नका, वाळू घासू नका. आणि खायला फार पडतंय, ते खाली कुजतंय. थोडे दिवस हात लावू नका, आपोआप निवळेल."

समितीने हे आदराने ऐकून घेतले.

"सर, लोक प्रेमानं घालतात," तात्या म्हणाले. "त्यांचं मन कसं मोडायचं?"

सरांनाही ते पटले. त्यांच्या मेहुण्याच्या बदलीचे काम तात्यांकडे अडले होते. निघताना त्यांनी दोन चिमटी टाकल्या.

एका दुपारी खापरवाडीच्या बाया रिकामे हंडे घेऊन चालत बंगल्यावर आल्या. पुढे चांगुणा नावाची उंच बाई होती.

"तात्या, टँकर लई दिस आला न्हाई. पोरं तापली हायेत."

तात्यांनी तिला हौद दाखवला. "बघ, आम्हीसुद्धा अडचणीतच आहोत. एकदा हे पाणी निवळलं की टँकर सरळ तुमच्याकडं."

चांगुणा काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"ह्याला गढूळ म्हनायचं व्हय? आमी ह्याच्यापरीस गढूळ गाळून पितो."

हे बोलणे समितीला अप्रस्तुत वाटले. बाकीच्या बायांना समज होती. जाताना एकीने तात्यांची मर्जी राहावी म्हणून पदराची गाठ सोडली आणि भाकरीचा तुकडा हौदात टाकला.

लंकाबाई दारात उभ्या होत्या. तो तुकडा बुडेपर्यंत त्या पाहत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी दिवाणखान्याला कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली आणि पाथर्डीला माहेरी निघून गेल्या. बायकोचे कुलूप फोडले अशी गावात चर्चा होऊ नये म्हणून तात्या लोकांना ओसरीवर भेटू लागले. तेथे मासे नसल्याने भेटी लवकर आटपत.

पंधरा दिवसांनी लंकाबाई परतल्या आणि त्यांनी दार उघडले. पाणी इतके नितळ होते की हौदातून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते.

समितीचा जाहीर सत्कार झाला. तुरटीला उशिरा गुण आला असे ठरून आसाराम शेठना शाल मिळाली. लंकाबाईंनी चहा केला.

"आता टँकर जाऊ द्या वाडीला," कप ठेवताना त्या म्हणाल्या.

"जाईल की," तात्या म्हणाले. मात्र पाणी पुन्हा बिघडल्यास हाताशी असावा म्हणून टँकर तूर्त आवारातच उभा ठेवण्याचे एकमताने ठरले. लंकाबाईंनी डबीवर हात ठेवला. पाहुण्यांनी आनंदाप्रीत्यर्थ खाद्य घरून आणलेले होतेच.

ही हकीकत मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. ऐकणारी माणसे शिकलेली आणि हळव्या मनाची असतात. शेवटी ती एकच गोष्ट विचारतात, मासे जगले का? जगले. तुम्हीही तेच विचारणार होता, म्हणून आधीच सांगून टाकले. खापरवाडीचे अजून कुणी विचारलेले नाही.