चारू पोतदारला बघायला आलेलं क्लॅरिनेट

कोंढाळपुरात मुलांनी क्लॅरिनेट निवडायचं नसतं. क्लॅरिनेट मुलांना बघायला येतं आणि पसंत पडली तर घेतं. जून महिन्यात नगरपालिकेच्या वाद्यभांडारातून पेट्या निघतात, ठरलेल्या घरी जातात आणि पाटावर बसतात. बोलायचं काम माउथपीस, म्हणजे त्याचं फुंकायचं टोक, करतो. क्लॅरिनेट स्वतः उपवर मुलासारखं गप्प पडून राहतं, जणू सगळं मोठ्यांवर सोपवलंय.

तीन नकार आले की मुलाचं नाव शिक्षकांच्या यादीत जातं. नेमणूक वय झाल्यावर होते, पण क्लॅरिनेटला ओठ लावायची बंदी त्याच दिवसापासून, जन्मभराची. गावाला शिक्षक असेच मिळतात. हुलवळे सरही असेच मिळाले होते. सत्तावीस वर्षं ते चार नंबर शाळेत क्लॅरिनेट शिकवत होते आणि त्यांनी ते एकदाही वाजवलं नव्हतं.

तेव्हा क्लॅरिनेटांबद्दल सरांचं मत काय असेल ते वेगळं सांगायला नको. हातभर लाकूड, त्याला चार चाव्या बसवल्या की लगेच घराण्याच्या गप्पा सुरू, असं ते शिक्षकांच्या खोलीत उघड म्हणत. आणि माउथपीस म्हणजे तर शुद्ध आगाऊपणा. बोटभर उंची, पण नाकाने कांदे सोलतो.

चारू पोतदार दहा वर्षांची होती. वडील सोनारकाम करायचे, आणि फुंकणीने दिव्याची ज्योत वळवून दागिन्यांच्या सांध्यांना डाख द्यायला ती त्यांच्याजवळच शिकली होती. असा सलग, एकसारखा श्वास सरांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. पोरीला दुसरं काही नकोच होतं. ढोल देतो म्हटलं तर मान हलवायची, बासरी देतो म्हटलं तरी मान हलवायची.

तिला दोन नकार येऊन चुकले होते. पहिल्या क्लॅरिनेटला तिचा पडलेला पुढचा दात खटकला. दुसऱ्याच्या खालच्या चावीपर्यंत तिची करंगळी पोचेना. दोघांनी कळवलं मात्र एकच, ‘पत्रिका जुळत नाही.’ क्लॅरिनेटला पत्रिका नसते, पण नकार याच शब्दांत द्यायचा असा रिवाज आहे.

तिसऱ्या वेळी सरांनी आधीच अर्ज टाकला. मुलगी नवशिकी आहे, तिला हलकं प्लास्टिकचं क्लॅरिनेट, फुंकायला सोपा माउथपीस आणि त्याच्या तोंडाला बांधायची दोन नंबरची मऊ वेताची पत्ती असलेलं स्थळ पाठवावं. उत्तर आलं की प्लास्टिकची सगळी ठरली, एक लाकडी शिल्लक आहे. हे लाकडी साठीला आलेलं, आजवर अकरा मुलांना नाकारून भांडारात कापूर हुंगत पडलेलं. एवढ्या वर्षांत याला एक मूल मिळालं नाही, तरी तोरा काही कमी नाही.

रविवारी सकाळी ते आलं. मध्यस्थ म्हणून सर कागद घेऊन बसले. माउथपीसने चारूला चालून दाखवायला सांगितलं. क्लॅरिनेट बसून वाजवतात, पण चारू चालली. मग सुईत दोरा ओवायला लावला. तोही तिने ओवला. शेवटी फुंकून दाखव म्हणाला. चारूने फुंकणी घेतली आणि ज्योत आडवी केली. ती इतका वेळ आडवी राहिली की सर आपला श्वास घ्यायचं विसरले.

“गाल फुगतात,” माउथपीस म्हणाला. “आमच्याकडे फुगवत नाहीत.”

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल काय, महिन्याभरात बसवता येतात. हा श्वास कुठून आणणार होता हा दीडशहाणा? पण मध्यस्थाला मत नसतं. चारू पदर नसलेल्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून उभी होती.

माउथपीस खाकरला. “तर मंडळी, आमचं असं आहे, की पत्रिका—”

पाहुणा खाकरून ‘तर मंडळी’ म्हणाला म्हणजे निघाला, असं चारूच्या आईला, वसुधाबाईंना, माहीत होतं, आणि पोतदारांच्या घरून तोंड गोड केल्याशिवाय कोणी जात नाही. वसुधाबाईंनी अख्खा कंदी पेढा त्याच्या तोंडात घातला. पेढा पत्तीखाली जाऊन बसला.

नियम असा की मध्यस्थाने बैठक संपवेपर्यंत पूर्ण नकार तोंडी आला नाही, तर पसंती धरावी. सरांनी सत्तावीस वर्षांत कुठलंही काम इतक्या चपळाईने केलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, बैठक संपली म्हणाले, कागदावर ‘पसंत’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. वसुधाबाई पाहुण्याला अजून एक घ्या म्हणून आग्रह करतच होत्या.

मग सरांनी चारूकडून माउथपीस कोमट पाण्याने धुऊन घेतला आणि नवी मऊ पत्ती बांधायला लावली. तोंड मोकळं होताच तो फसवणूक, अपमान, घराणं असं सगळं बोलला. सरांनी शांतपणे कळवलं की तक्रार करता येते, फक्त अर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात लागतो.

तो काही तरी उत्तर देत असतानाच चारूने त्याला ओठांत धरलं आणि फुंकलं. आधी एक किंकाळी निघाली. मग सूर लागला आणि लागलेलाच राहिला, जाड, सरळ, घरभर. वडील हातातलं काम ठेवून दारात आले.

सूर थांबल्यावर तिने क्लॅरिनेट सरांपुढे धरलं. “बरोबर लागला का, सर? तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना.”

सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. माउथपीस त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता.

“मला नाही चालत, बाळ,” सर म्हणाले. “तू वाजव. मी सांगतो.”

चारूने पुन्हा फुंकलं. सर ऐकत राहिले, आणि हात त्यांनी पाठीमागेच घट्ट धरून ठेवले.