आखूड पायाचं प्रमाणपत्र

सरळ जाणं ही या जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. रिमोटवर धावणाऱ्या वीतभर मोटारींच्या मंडळाला हे पुरतं ठाऊक असल्याने चाकांच्या अलाइनमेंटवर तिथे चार महिन्यांत बासष्ट सभा झाल्या. (शर्यती: चार.)

मंडळात शेवटचा शब्द चष्मेवाल्यांचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस चाकांत चुकेल कसा? त्यामुळे सगळ्यांच्या गाड्या त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर प्रमाणित होत. पुढच्या चाकांची तोंडं अर्धा अंश आत, माथी एक अंश कललेली, मग टेबलावर एक फेरी. गाडी नाकासमोर गेली की शिक्का. घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवत, पण शास्त्रासाठी एवढं सोसावंच लागतं.

अडचण एकच. मंडळाच्या हॉलमधल्या धावपट्टीवर प्रत्येक प्रमाणित गाडी डाव्या भिंतीवर आदळे. चारही चषक नेले चष्मेवाल्यांच्या साडूने, जो शिक्क्याच्या भानगडीत न पडता चाकं अंगठ्याने दाबून "चालतंय की!" म्हणायचा. ते "चालतंय की" चष्मेवाल्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"या रविवारी हरलात तर टेबल परत," बायकोने बजावलं.

"अगं, मापं अचूक आहेत!"

"असतील. टेबल उजवीकडे कलतंय, त्यावर सरळ जाणारी गाडी सपाटीवर डावीकडेच जाणार. त्याचा एक पाय आखूड आहे. आठ वर्षं मी खाली पुठ्ठ्याची घडी ठेवत होते. मापं घ्यायला बसलात त्या दिवशी तुम्हीच ती कचरा म्हणून फेकलीत."

चष्मेवाल्यांना खरं तर रडू आलं. पण ते जबाबदार गृहस्थ होते. त्यांनी तातडीची सभा बोलावली. टेबल प्रमाणित असल्यामुळे दोष धावपट्टीचाच, असं एकमताने ठरलं. शनिवारी धावपट्टीची डावी कड पुठ्ठ्याच्या एक्केचाळीस घड्या सारून उचलण्यात आली. (घड्या चष्मेवाल्यांच्या घरून आल्या. कोणी घातल्या, याची इतिवृत्तात नोंद नाही.)

रविवारी साडूची गाडी उजव्या भिंतीवर आदळली आणि चष्मेवाले जिंकले. टेबल मंडळाच्याच कामाला राहिलं. घरी येऊन त्यांनी त्यावर चषक ठेवला, तर तो घसरत उजवीकडे निघाला. बायकोने न बघताच हात पुढे करून तो झेलला आणि ती मांडीवरच्या ताटाकडे वळली.

आपल्याला हसू आलं असेल. येऊ द्या. मात्र आपल्या घरातलं टेबल इतकी वर्षं डगमगत नसेल, तर एकदा खाली वाकून बघा. काही सापडलंच, तर फेकण्याआधी घरात विचारा.