मैनेच्या पिसवा आणि बैलाचं औषध

मांजराच्या अंगावरच्या पिसवा घालवणं किती सोपं आहे, सांगू तुम्हाला? मांजर धरायचं, औषध लावायचं, मांजर सोडायचं! झालं! यात डॉक्टर कशाला हवा, पंचांग कशाला हवं आणि बायकोचा सल्ला तरी कशाला हवा? निदान त्या शनिवारी बुलढाण्याच्या कचेरीतून घरी येताना माझं हेच मत होतं, आणि वाटेत जो जो भेटला त्याला ते मी फुकट ऐकवलं होतं.

मी पेशाने कारकून असलो तरी रक्ताने शेतकरी. पोळ्याच्या आधी आमच्या बैलांच्या गोचिड्या काढायचा मान लहानपणापासून माझा. तंबाखूची पानं उकळायची, त्या काढ्यात करंजाचं तेल ओतायचं आणि बैल शेपटापासून शिंगापर्यंत चोळून काढायचा. गोचिड्या अशा टपाटप गळतात की बघत राहावं! आता जे बैलाला चालतं ते मांजराला का चालू नये? मांजर लहान, म्हणून औषध कमी, इतकंच. शाळेत त्रैराशिकात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

फक्त एक अडचण होती. मांजर आमचं नव्हतं.

घरही आमचं नव्हतं. दोन्ही सोजराबाईंचं. सोजराबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. पोरंबाळं नाहीत, नवरा कधीच गेलेला, आणि आवाज असा की त्यांनी ओट्यावरून हाक मारली की रस्त्यावरचे बैल आपण होऊन थांबत. या बाईंनी मांजरीचं नाव ठेवलं होतं मैना! भाचीच्या लग्नाला मेहकरला निघताना त्या मोटारीत बसल्या, पुन्हा उतरल्या आणि मला म्हणाल्या, “मार्तंडराव, मैनेले तुमच्या भरोशावर सोडून चालली. मले तेवढी एकच हाये. तिले काही झालं, त मंग मी हाये अन् तुमी हायेत!”

मैना रात्री आमच्या अंथरुणात झोपू लागली. तिच्या पिसवाही. चार दिवसांत माझ्या बायकोच्या, वासंतीच्या हातांवर गांधी उठल्या.

“अवो,” ती म्हणाली, “ढोरांच्या दवाखान्यात हिंमतराव डाक्तर हायेत ना. त्याईले एक डाव इचारून पाहा.”

“डाक्तर? पिसवांसाठी? म्या पोळ्याचे बैल चोळले हायेत!”

“पन मैना काय बैल हाये?”

“चार पाय हायेत, शेपूट हाये. अजून काय पाह्यजे?”

वासंतीने हात जोडले. मला नाही, देवाला.

काढा फक्कड झाला. घरभर असा वास सुटला की शेजारच्या विमलबाईंनी खिडकी लावून घेतली. मग मी मैनेला गोणपाटात धरलं. तिने माझ्या दोन्ही मनगटांवर आपलं म्हणणं नोंदवलं, पण मी डगमगलो नाही. पाठ चोळली, पाय चोळले, शेपूट तर पिळूनच काढली. वाटीत थोडं औषध उरलं, ते वाया जाऊ नये म्हणून पोटाला लावलं, आणि गंजातला, म्हणजे पातेल्यातला, बाकीचा काढा पुढच्या खेपेसाठी झाकून ठेवला. आणि खरंच, पिसवा पळायला लागल्या! कुठे पळाल्या ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सोडल्याबरोबर मैना अंगणातल्या उन्हात जाऊन बसली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी नजर खाली केली. मग एक पाय वर केला आणि अंग चाटायला लागली.

“पाह्य, पाह्य!” मी वासंतीला म्हणालो. “कशी मजेत आंघोळ करून राह्यली!”

मजा फार वेळ टिकली नाही. मैना चाटता चाटता थांबली. तिने तोंड वेडंवाकडं केलं. तोंडातून लाळ गळू लागली, लाळेचा फेस झाला, आणि एकदम चवताळून ती उठली ती सरळ विमलबाईंच्या अंगणात! तिथे खाटेवर विमलबाईंच्या वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. मैना या टोकाने शिरली, त्या टोकाने निघाली, परत फिरली आणि मधोमध गडाबडा लोळली. कुरडयांचा चुरा आणि चुऱ्याला करंजाचं तेल!

“मायबाई! मांजर पिसायली वो!” विमलबाई खाटेवरच चढल्या.

“पिसायली नाई वो,” मी ओरडलो. “म्या औषध लावलं! तंबाखूचं!”

“तंबाखू? मांजरीले?” विमलबाईंनी आधी कुरडयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, “मेली त मांजर मारल्याचं पाप लागते, मार्तंडराव. सोन्याची मांजर करून काशीले दान द्या लागते.”

“केवढी?” मी विचारलं.

“मेली तेवढी!”

वासंतीने हातातल्या पाटल्यांवर पदर ओढून घेतला.

मैना तोवर पाण्याच्या माठांमागे जाऊन बसली होती. थरथर कापत होती. मी हात पुढे केला, तर ओरबाडलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र पाटल्या, काशी, घर, सगळं विसरलो मी. कानात एकच वाक्य घुमायला लागलं, ‘मले तेवढी एकच हाये.’ मी मैनेला टॉवेलात गुंडाळलं आणि दवाखान्याकडे असा पळालो की पायातली एक वहाण कुठे राहिली ते आजतागायत कळलेलं नाही.

हिंमतराव डॉक्टर एका म्हशीच्या तोंडात हात घालून उभे होते. त्यांनी हात काढला, मैनेला हुंगलं आणि विचारलं, “हे कोनी केलं?”

“म्या. बैलाले लावतो तेच लावलं. पन कमी!”

“बैल अंगभर चाटून आंघोळ करते का?”

“नाई.”

“ही करते. जे हिच्या अंगाले लावलं, ते हिच्या पोटात गेलं समजा. तुमी हिले औषध लावलं नाई, औषध पाजलं! आना इकडं.”

बोलता बोलता त्यांनी बाह्या सारल्या, कोमट पाणी आणवलं आणि साबणाने मैनेला धुवायला घेतलं. एकदा धुतलं, हुंगलं, पुन्हा धुतलं. मी समोर भिजलेल्या मांजरासारखा उभा. खरं भिजलेलं मांजर माझ्यापेक्षा बरं दिसत होतं.

“लवकर आनली म्हून बरं,” शेवटी ते म्हणाले. “जीव वाचन तिचा. पन वास पुरा जाईस्तोवर अंग चाटू द्याचं नाई, कपड्यात गुंडाळून ठेवा. थरथर वाढली त तसेच उचलून आना, माह्या घरी आले तरी चालन. गोधड्या उकळत्या पान्यात टाका, पिसवा फनीनं काढा. अन् आइंदा बैलाचं औषध बैलाले! मांजरीले काही लावाचं असन त मले इचाराचं, अन् लावाचं ते जरासं, मानगुटीवर. तिथं जीभ पोचत नाई.”

घरी येऊन मैनेला धोतरात गुंडाळलं. ती निसटली. उपरण्यात बांधली. तेही तिने सोडवून घेतलं. शेवटी वासंती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक झबलं आणि टोपरं घेऊन आली. पांढरं, काठाला हिरवी वेलबुट्टी. आमच्या घरी अजून पाळणा हलला नव्हता; तिने ते लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत शिवून ठेवलं होतं म्हणे. मला पत्ताच नव्हता.

“पेटीत पडूनच होतं,” ती म्हणाली. “कोनाच्या तरी कामी येऊ द्या.”

 वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मैनेचा मागचा पाय झबल्यात घालताना माणसाला फार वेळ वाईट वाटून घेता येत नाही.

रविवारी सकाळपर्यंत मैनेची थरथर थांबली, ती दूध प्यायली आणि माझ्या अंगठ्याला चावली. मला इतका आनंद झाला! फक्त हलवणं थांबवलं की ती रडायची, आणि मांजराचं रडणं कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मी ओट्यावर बसून तिला मांडीवर जोजवत होतो. तेवढ्यात रस्त्याने आमच्या कचेरीतला चपराशी रंगराव सायकलवरून चालला होता. टोपरं पाहून त्याने पाय टेकला.

“अरे वा! पोरगा का पोरगी?”

मला वाटलं, रंगराव गंमत करतो आहे. मीही हसून ओरडलो, “पोरगी!”

“लक्ष्मी आली, लक्ष्मी!” म्हणत रंगराव गेला, आणि सायकलला पाय मारण्याचा त्याचा तो उत्साह पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं.

दुपारी अंगणात बायकाच बायका! कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी बाळंतकाढ्याची पुडी. वासंती तोंड लपवायला जागा शोधत होती, आणि त्या गलक्यात माझं कोणी ऐकून घेत नव्हतं. एकट्या विमलबाईंना खरं काय ते माहीत होतं, पण कुरडयांचं दुःख ताजं होतं. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला म्हणाल्या, “मले काय इचारता? आत जाऊन पाहा!”

एका म्हाताऱ्या आजींना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी टोपऱ्यात हात घालून गाल कुरवाळला आणि हात झटकन मागे घेतला.

“मायबाई! पोरीले मिशा!”

“बापावर गेली,” विमलबाई म्हणाल्या.

इतक्यात रस्त्यावरचे बैल थांबले. सोजराबाई आल्या होत्या! मोटार स्टँडवरच त्यांना कोणीतरी बातमी दिली होती. एका हातात साखरेचा पुडा, दुसऱ्या हातात लाकडी खुळखुळा, आणि डोळ्यांत पाणी.

“सरका वो, सरका! कुठं हाये माही नात? माह्या घरात लेकराचं पाऊल लागलं, अन् मलेच मेलं मांगून समजते! मी गेली तवा त काही दिसलं बी नाई!”

मी “सोजराबाई, आधी ऐका” म्हणेपर्यंत त्यांनी गाठोडं उचलून छातीशी धरलं आणि टोपरं मागे सारलं.

“म्याऊ,” मैना म्हणाली.

सगळ्या बायका गाठोड्यात डोकावल्या. मी मान खाली घालून झालेलं सगळं सांगून टाकलं. काढा सांगितला, त्रैराशिक सांगितलं, फेस सांगितला, डॉक्टर सांगितले. सांगून झाल्यावर सामान बांधायला सुरुवात कुठून करायची याचा विचार करू लागलो.

सोजराबाईंनी मैनेला हुंगलं, पंजे पाहिले, डोळे पाहिले. झबलं मात्र काढलं नाही. त्यांनी खुळखुळा वासंतीच्या हातात ठेवला. “ठिवून दे पेटीत. कामी येईन, पाह्यशीन तू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. सोजराबाईंना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. वासंतीने डोळ्यांना पदर लावला, आणि खरं सांगतो, मीही तिकडे भिंतीकडे तोंड केलं.

मग सोजराबाई माझ्याकडे वळल्या. “मंग, पिसवा गेल्या का?”

“मैनेच्या गेल्या!” मी ताठ होऊन म्हणालो, आणि कचाकचा पाठ खाजवली. मग मान. मग पोटरी. शनिवारी मैनेच्या अंगावरून पळालेल्या पिसवा कुठे गेल्या होत्या, त्याचा सगळ्या बायकांना एकदमच उलगडा झाला.

“वासंती,” सोजराबाई म्हणाल्या, “डाक्तरनं औषध कुठं लावाले सांगतलं?”

“मानगुटीवर.”

“काऊन?”

“तिथं जीभ पोचत नाई म्हून.”

“मंग धरून ठेव याईले! विमल, तो काढ्याचा गंज आन!”

विमलबाईंनी इतक्या आनंदाने कुठलंही काम केलेलं मी कधी पाहिलं नाही. भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, माझी मान वाकवून सोजराबाईंनी माझंच औषध माझ्याच मानगुटीला चोळलं.

“चाटू देऊ नोको,” त्यांनी वासंतीला बजावलं. “झबलं लहान पडन त माहं जुनं लुगडं देतो.”

संध्याकाळी ओट्यावर मैना झबल्यात बसली होती आणि तिच्या शेजारी मी लुगड्यात. डोकं जरा गरगरत होतं, पण पिसवा मात्र झाडून सगळ्या गेल्या. औषध नामी आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो!