केशर, वेलची आणि सोळावा मजला

सकाळी दार उघडताच गंगाधर तेंडोलकरांना माशांच्या काचेच्या भांड्यात तरंगणारा खारी बिस्किटाचा तुकडा दिसला. खाली तळाशी शेव बसली होती, आणि पाण्याला ताकाचा रंग आला होता.

“कोण आहे तो? समोर या म्हणावं!” सर पॅसेजमध्येच कडाडले.

समोर यायला कुणाला लांबून यावं लागणार नव्हतं. लालबागची जुनी चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, लिफ्ट आली, इंटरकॉम आला. पण दार लावून घरात बसायची सवय सोळाव्या मजल्याला काही लागली नव्हती. सगळी दारं सताड उघडी. सरांच्या ओरडण्यावर प्रत्येक दारातून एकेक मान बाहेर आली, आणि एकाही मानेवर अपराधाची खूण नव्हती.

मासे सरांच्या नातीचे, मनवाचे. केशर आणि वेलची. सुट्टीत आईबरोबर चिपळूणला जाताना ती आपलं गोल भांडं आजोबांकडे ठेवून गेली होती. “आजोबा, दोघंही मला जिवंत पाहिजेत हं. प्रॉमिस?” असं म्हणून तिने सरांच्या हातावर टाळी मारून घेतली होती. सरांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. दोन मासे सांभाळायचे म्हणजे काय मोठं?

भांडं घरात राहिलं असतं, तर काहीच झालं नसतं. पण सरांच्या बायकोने, कालिंदीबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मी इथे बांगडे तळणार आणि ती दोघं माझ्याकडे बघत बसणार? मला नाही हो जमायचं.” म्हणून भांडं दाराबाहेर, चपलांच्या कपाटावर गेलं. आणि बाहेर ठेवलेलं तोंड उपाशी राहील, असा हा मजला नव्हता.

“सर, मी घातलंय खारी,” शेजारच्या कांताबाई शांतपणे म्हणाल्या. “तेंका भूक लागलीहा. बघा कशी वर येवन तोंडां उघडतत!”

“ती भूक नाही, कांताबाई! पाणी घाण झालंय, पाण्यातला प्राणवायू कमी झालाय. ते श्वास घ्यायला वर येतायत!”

“श्वास घेवक पण ताकद लागता मा? खाल्ल्याबिगर ती खंयसून येतली?”

सर समोरच्या मयूरकडे वळले. मयूर जिममधून नुकताच आला होता.

“आणि तू? तू काय टाकलंस?”

“मी बाहेरचं काही नाही टाकलं, सर. अर्धा चमचा प्रोटीन पावडर. व्हॅनिला. एकदम प्युअर आहे.”

सरांनी कपाळावर हात मारला. पण शिकवण्याची खोड मोठी वाईट. त्यांनी सगळ्यांना भोवती गोळा केलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, “हे बघा, सोनमासा पोट भरलं म्हणून थांबत नाही. दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट घालायची. उरलेलं पाण्यात कुजतं. त्यात त्यांची घाण. त्या घाणीतून विष तयार होतं. आणि मुळात हे भांडंच लहान आहे. हा मासा वीतभर वाढतो! त्याला मोठी लांब टाकी लागते, फिल्टर लागतो.”

“सर, राग मानू नका,” दौलतराव म्हणाले. ते चाळीतले सगळ्यांत जुने रहिवासी. “आम्ही एका खोलीत नऊ जण वाढलो. आम्हाला कुठे फिल्टर लागला?”

“तुमचा संडास खोलीबाहेर होता, दौलतराव! यांचा आतच आहे!”

सगळा मजला क्षणभर गंभीर झाला. ‘अरेरे’ म्हणत सगळे घरी गेले, आणि सरांना वाटलं, धडा समजला.

धडा समजला होता, पण वेगळाच. एवढ्या हालात राहणाऱ्या जिवांना निदान खायला तरी चांगलं मिळावं, असं सगळ्यांनी ठरवलं. दुपारपर्यंत भांड्यात साबुदाण्याची खिचडी आली. सरांनी संतापून पाटी लावली, ‘माशांना खाऊ घालू नये’. त्यामुळे ज्यांना इथे मासे आहेत हे ठाऊकच नव्हतं, ते वरखालचे लोकही लिफ्टमधून सोळाव्यावर उतरू लागले. मयूरने पाटीसकट फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली पन्नास जणांनी रडके चेहरे पाठवले. ‘मास्तर पूर्वीपासून कडकच,’ असंही कुणीतरी लिहिलं.

सर पाणी बदलत होते. क्लोरीन उडावं म्हणून बादलीत पाणी साठवून ठेवायचे, भांड्यातलं थोडंच काढून तेवढंच नवं घालायचे. पण ते आत बादली आणायला वळले की बाहेर कुणीतरी दयाळू माणूस येऊन जायचा. शेवटी वेलची एका कुशीवर कलली.

नेमका तेव्हाच मनवाचा व्हिडिओ कॉल आला.

“आजोबा, दाखवा ना दोघांना!”

मुलांच्या कॉप्या पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या सरांनी कॅमेरा आधी केशरच्या उजव्या बाजूला धरला आणि मग केशरच्याच डाव्या बाजूला.

“वेलचीच्या शेपटीवरचा पांढरा ठिपका कुठे गेला?”

“उजेड पडलाय, बाळा. ठेवतो हं, दूध उतू चाललंय.”

फोन ठेवताच सरांनी दोन्ही मासे साठवलेल्या पाण्याच्या बादलीत सोडले, बादली न्हाणीघरात ठेवून बाहेरून कडी घातली, आणि तसेच क्रॉफर्ड मार्केटला गेले. येताना टेम्पोतून तीन फुटी टाकी, फिल्टर आणि हवेचा पंप घेऊन आले.

टाकी कुठे ठेवायची? पंपाला प्लग लागतो, आणि प्लग हॉलच्या एकाच भिंतीला होता. तिथे सोफा होता.

“सोफ्याला हात लावाल तर बघा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं पथारीवर काढली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात सोफा आला. तो माशांसाठी हलवू?”

“अगं, मनवाला शब्द दिलाय मी.”

कालिंदीबाईंनी न्हाणीघराची कडी काढून बादलीत डोकावून पाहिलं. कललेल्या वेलचीने एक कल्ला हलवला. त्यांनी पदर खोचला आणि सोफ्याचं एक टोक धरलं.

सोफा दाराबाहेर, पॅसेजमध्ये आला. हॉलमध्ये टाकी लागली, बुडबुडे निघाले, निळा दिवा पेटला. नव्या पाण्यावर सर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते. एक-दोन दिवसांनी वेलची सरळ झाली, मग पोहायला लागली. बांगडे तळताना टाकीवर चादर पडायची, एवढंच. आणि नवल म्हणजे, माशांना खाऊ घालायला कुणी फिरकेना.

“आता तेंका काय कमी हा?” कांताबाई टाकीकडे पाहून जरा तुटकपणे म्हणाल्या. “दिवो, पंखो, सगळां हा. मोठी माणसां झाली ती.”

मग त्यांची नजर सोफ्याकडे गेली. घरात बसायला जागाच न उरल्यामुळे सर आणि कालिंदीबाई पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी बसले होते. कांताबाईंचे डोळे पाणावले. त्या लगबगीने आत गेल्या आणि वाटीभर उसळ घेऊन आल्या.

मनवा परत आली ती थेट टाकीकडे धावली. केशर होती, वेलची होती, पांढरा ठिपकाही जागच्या जागी होता. “आजोबा, यू आर द बेस्ट!” म्हणून तिने सरांना मिठी मारली. एवढी टाकी आपल्या घरात मावणार नाही, तेव्हा मासे इथेच राहू देत, असं तिच्या आईनेही सांगून टाकलं.

त्या दोघी गेल्यावर सर उठले. “हे काही खरं नाही. आतलं जुनं कपाट भंगारात देतो आणि त्या जागी सोफा आत घेतो. सकाळी कांताबाई घावणे देऊन गेल्या, दुपारी मयूरने अंडी आणली, मघाशी कुणीतरी न विचारता मांडीवर शिरा ठेवून गेलं! अगं, आपण कोण आहोत? लोक आपल्याला बिचारे समजतात!”

“समजू देत की,” कालिंदीबाई पाय पसरून म्हणाल्या. “मी शेवटचा गॅस कधी पेटवला, आठवतंय तुम्हाला? सोफा आहे तिथेच राहील.”

“कालिंदी!”

“हळू बोला. आणि असे ताठ बसू नका. दौलतभावोजी आमरस घेऊन येतायत, जरा केविलवाणे बसा.”